पहाट कोणाच्या मालकीची?

शहरांत स्थायिक होऊनहि ज्यांचें मन गांवच्या परसांतून निघत नाहीं, असे कित्येक गृहस्थ बंगल्याच्या मागील अंगास किंवा गच्चीवर चार कोंबड्या पाळतात. येथवर आमची हरकत नाहीं. खुराडें स्वच्छ असलें आणि दाणापाणी वेळेवर मिळालें, तर कोंबडी शेजाऱ्यास फारशी उपद्रवी होत नाहीं. प्रश्न उभा राहतो तो त्या चौघींत एक कोंबडा आणून सोडावा कीं काय, हा. आमचें उत्तर स्पष्ट आहे : सोडूं नये, आणि ज्यानें सोडला असेल त्यानें तो गांवीं पोंचता करावा.

कोंबडा ठेवणारे पहिली सबब अंड्यांची सांगतात. ही सबब निव्वळ अज्ञानाची आहे. नर नसला तरी कोंबडी अंडीं घालतेच. नर लागतो तो अंड्यांतून पिलें निघावीं एवढ्यासाठींच. ज्या घरास न्याहारीपुरतीं अंडीं हवीं आहेत, त्या घरास कोंबड्याची गरज नाहीं. उरते ती हौस. हौस वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिचा भार ज्याचा त्यानें सोसावा, एवढी अट तिला घातलीच पाहिजे.

दुसरी सबब निसर्गाची. “सूर्योदयाला दोन मिनिटें बांग ऐकली तर काय बिघडलें?” असें विचारणाऱ्यास कोंबडा ठाऊक नाहीं, असेंच म्हणावें लागतें. जपानांतील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, बांगेचें घड्याळ कोंबड्याच्या शरीरांतच असतें. अखंड मंद प्रकाशांत ठेवलेले कोंबडेहि रोजच्या नेमानें आरवत राहिले; आणि उजेडाची वेळ ठराविक असतां तिच्या सुमारें दोन तास आधींच ते आरवूं लागले. म्हणजे उजाडणार सहाला, तर बांग चारला! शिवाय एकाएकीं पडलेला उजेड आणि दुसऱ्या कोंबड्याची बांग यांनींहि त्यास चेव येतो. शहरांत रस्त्यावरच्या दिव्यांस आणि मोटारींच्या झोतांस काय तोटा?

“मग आम्ही त्याला रात्रीं झांकून ठेवूं,” असा तोडगा सुचविण्यांत येतो. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं, हें आपल्या आजीबाई सांगत आल्या. झांकलें म्हणून बांगहि राहत नाहीं, ही नव्या शास्त्राची पुस्ती. मग मान उंच करतां येऊं नये अशा बुटक्या पेटींत त्यास रात्रभर कोंडतात. ज्याचा आवाज आवडतो म्हणून आणला, त्याचाच आवाज दाबण्यासाठीं त्याला कोंडावें, हें कसलें प्राणिप्रेम?

कांहीं बहुश्रुत मंडळी फ्रान्सचा दाखला पुढें करतात. ओलेराँ बेटावरील मोरीस नांवाच्या कोंबड्याविरुद्ध शेजाऱ्यांनीं केलेली फिर्याद रोशफोरच्या न्यायालयानें २०१९ सालीं फेटाळली, हें खरें. पुढें २०२१ सालीं त्या देशानें ग्रामीण भागांतील आवाज व वास यांना कायद्यानें वारसा म्हणून मान्यता दिली, हेंहि खरें. परंतु तो कायदा ग्रामीण भागाचा आहे. खेड्यांत जाऊन राहणाऱ्यानें खेड्याचे आवाज सोसावे, हा त्याचा आशय. तोच न्याय उलटा लावला, तर दाट वस्तींत राहणाऱ्यानें दाट वस्तीची मर्यादा पाळावी, असाच निष्कर्ष निघतो.

शेवटचा आक्षेप वजनदार आहे : भोंगे, वाजंत्री आणि ध्वनिक्षेपक चालतात, मग बिचाऱ्या पांखरावरच डोळा कां? ते चालूं नयेत, हेंच आमचें म्हणणें आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा ही रात्र ठरविली, आणि निवासी भागासाठीं तेव्हांची मर्यादा ४५ डेसिबल धरली. या मर्यादेवर बोट ठेवून जो ध्वनिक्षेपकाविरुद्ध तक्रार करतो, त्याच्याच गच्चीवर चार वाजतां बांग होत असेल, तर त्याची तक्रार कोण मनावर घेईल? एका उपद्रवानें दुसऱ्याचें समर्थन होत नाहीं; दोहोंविरुद्ध बोलण्याचा अधिकार मात्र गमावतो.

आणि झोंप मोडते ती कोणाची? रात्रपाळी करून नुकत्याच पाठ टेकलेल्या परिचारिकेची, महत्प्रयासानें डोळा लागलेल्या रुग्णाची, तान्ह्या मुलाच्या आईची. त्यांना कोणीं विचारलें होतें? बेल्जममधील संशोधकांनीं असें दाखविलें आहे कीं, बांग देतांना चोंच उघडली म्हणजे कोंबड्याचा कान आपोआप मिटतो; आपल्याच आवाजापासून निसर्गानें त्याचें असें रक्षण केलें आहे. कोंबड्यास तें शोभतें. त्याच्या धन्यानें मात्र कान मिटून घेऊं नयेत. पिलें आणण्यापूर्वींच त्यानें ठरवावें कीं, यांत एखादा नर निघाला तर तो कोणाच्या शेतावर जाईल. आणि तें ठरत नसेल, तर पिलेंच आणूं नयेत. पहाट ही साऱ्या आळीची असते.