सर्व्हरची नाडी कोण पाहणार?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील सर्व्हर सायबर हल्ल्यामुळे बंद पडले. नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे पुढे कित्येक दिवस हाताने करावी लागली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला असाच तडाखा दिला होता. तेथे सुमारे १९ हजार रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. रुग्णालयातील संगणकांचे जाळे आता ऑक्सिजनच्या पाइपलाइनइतकेच उपचाराचा भाग झाले आहे.

या जाळ्यावर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर असतात. लॅटव्हियात घडलेले ‘झॅबिक्स’ हे त्यांपैकी एक. ते मुक्तस्रोत आहे. परवान्याचे पैसे लागत नाहीत आणि त्याचा कोड कोणालाही तपासता येतो. सर्व्हरची डिस्क भरत आली किंवा स्विच बंद पडला, की ते इशारा देते. हल्ला थोपवणे हे त्याचे काम नव्हे. पण बिघाडाची खबर ओपीडीच्या रांगेआधी तंत्रज्ञाला मिळते.

झॅबिक्सची ७.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. दीर्घकालीन आधाराच्या अशा आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांचा आधार काही महिन्यांतच संपतो. पुढची दीर्घकालीन आवृत्ती ८.० आहे. तिची आखणी करताना नव्या सुविधांची यादी लांबवण्याचा मोह होणारच. रुग्णालयांची गरज मात्र वेगळी आहे.

पहिली गरज मोजक्या इशाऱ्यांची. आयसीयूत मॉनिटर सतत वाजत राहिले, की कान सरावतात आणि खरा इशाराही दुर्लक्षित होतो. म्हणूनच अमेरिकेतील ‘जॉइंट कमिशन’ने २०१४ पासून अलार्मचे व्यवस्थापन हे रुग्णसुरक्षेचे उद्दिष्ट मानले. सर्व्हरचेही तसेच. मुख्य स्विच बंद पडल्यावर त्यामागच्या पन्नास यंत्रांनी स्वतंत्र बोंब मारण्यात अर्थ नाही. असे इशारे एकमेकांशी जोडण्याची सोय झॅबिक्समध्ये आहे. पण ती जाणकाराने बसवावी लागते. ते काम सोपे करणे नव्या आवृत्तीच्या यादीत वर असायला हवे.

दुसरी गरज निर्धोक बदलाची. आवृत्ती बदलताना डेटाबेसची रचनाही बदलते. मागे फिरायचे तर आधी घेतलेला बॅकअपच कामी येतो. जिथे एकच तंत्रज्ञ प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळे सांभाळतो, तिथे ही पायरी जितकी सरळ तितकी ती वेळेवर चढली जाते.

यात रुग्णालयांचीही जबाबदारी आहे. झॅबिक्सच्या आखणीचा आराखडा जाहीर असतो, मागण्या नोंदवता येतात आणि अंतिम आवृत्तीपूर्वी चाचणी आवृत्त्याही मिळतात. एखाद्या बाजूच्या यंत्रावर त्या चालवून अडचणी कळवायला मोठा खर्च येत नाही. जे गप्प राहतात, त्यांच्या गरजा यादीत येत नाहीत.

औषधाची मुदत पाहिल्याशिवाय परिचारिका इंजेक्शन भरत नाही. सॉफ्टवेअरचा आधार कधी संपतो, ती तारीखही व्हेंटिलेटरच्या देखभाल कराराशेजारी, वार्षिक नियोजनात लिहिलेली असावी.