तो पहिला घोट कशासाठी?

दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात यजमान वाइनची बाटली मागवतात. वेटर बूच काढतो आणि आधी त्यांच्याच पेल्यात घोटभर ओततो. सगळ्यांच्या नजरा यजमानांकडे वळतात. ते घाईघाईने घोट गिळतात आणि मान डोलावतात. खरे तर त्यांना काहीच कळलेले नसते. पण चारचौघांत तसे म्हणायचे कसे?

वाइन आवडली की नाही, हे सांगण्यासाठी तो घोट नसतोच. बाटली खराब झालेली नाही ना, एवढेच त्यात पाहायचे असते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बहुधा बुचाचा. व्हिनेगरसारखा झणका आला तर वाइन आंबलेली. अशी बाटली परत करण्यात उद्धटपणा नाही. पैसे तुम्ही मोजणार आहात.

दिल्लीत तर हे मुद्दाम पाहायला हवे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात ट्रकमध्ये किंवा कोंदट गोदामात पडून राहिलेल्या वाइनचा ताजेपणा जातो, ती शिजल्यासारखी लागते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या थंड खोल्यांचा, म्हणजे १६ ते १८ अंशांचा. आपल्याकडे ती बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेलीच बरी.

चव घ्यायची कशी? पेला एक तृतीयांशच भरावा. पांढऱ्या रुमालासमोर धरून रंग पाहावा. मग पेला हलकेच फिरवून हुंगावे. चवीचा मोठा भाग नाकातून कळतो. पडसे झाले की आमटी बेचव लागते ती त्यामुळेच. शेवटी लहानसा घोट तोंडात घोळवावा. तोंडाला पाणी सुटले तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडल्या तर तो द्राक्षाच्या सालीचा नि बियांचा तुरटपणा, कडक कोऱ्या चहासारखा. रोज अनेक वाइन तपासणारे जाणकार तर घोट चक्क थुंकून टाकतात.

परदेशी पुस्तकांत ब्लॅककरंट, गूजबेरी अशी नावे असतात. जे फळ कधी खाल्लेच नाही, त्याची आठवण कशी यावी? जांभूळ, पेरू, लवंग, मिरी म्हणायला संकोच कसला? डोळे मिटून मिसळणाच्या डब्यातले पदार्थ वासावरून ओळखा. हा सराव फुकट आहे आणि स्वयंपाकालाही उपयोगी पडतो.

ही जाण शिकून येते. दिल्लीत सुभाष अरोरा यांनी २००२ मध्ये दिल्ली वाइन क्लब सुरू केला. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ मध्ये भारतातल्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या.

मात्र वाइन हेही मद्यच. दिल्लीच्या २००९ च्या अबकारी कायद्याने मद्य घेण्यासाठी २५ वर्षांची वयोमर्यादा घातली. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा जे घेत नाहीत, त्यांनी केवळ प्रतिष्ठेपायी सुरुवात करू नये; ‘मला नको’ म्हणण्यात कमीपणा नाही.

आणि जे घेतात, त्यांनी पुढच्या वेळी मान डोलावण्याची घाई करू नये. आधी हुंगावे. शंका आली तर वेटरलाच म्हणावे, “जरा तुम्हीही वास घेऊन बघा.”