काल्याच्या कीर्तनाला लागणारा लॅपटॉप

अखंड हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. देवळ्याकडच्या एखाद्या गावात मांडवाच्या खांबाजवळ ट्रायपॉडवर कॅमेरा आणि शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नवा कोरा लॅपटॉप. पुण्या-नाशकात नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांना कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं, हे वर्गणी काढतानाच ठरलेलं. शूटिंगवाला पोरगा कॅमेऱ्यातून आलेली एचडीएमआय वायर लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टात खोचतो आणि वाट बघतो. पडदा ढिम्म. वायर बदलून बघतो, लॅपटॉप बंद-चालू करतो, तोवर टाळकरी उभे राहतात आणि बुवा अभंग लावून मोकळे होतात.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याचा हा घोटाळा हमखास होतो. त्यात लॅपटॉप बिघडलेला नसतो. नेहमीच्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट हे चित्र बाहेर सोडायचं दार आहे, मग तो लॅपटॉप लाखाचा का असेना. टीव्हीला, प्रोजेक्टरला चित्र तिथून जातं. कॅमेऱ्याचं चित्र तिथून आत येत नाही. आत घ्यायचं तर यूएसबीला लावायचं कॅप्चर कार्ड वेगळं घ्यावं लागतं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. बापाला अभ्यास दिसतो, पोराच्या मनात गेम असतो आणि हल्ली त्यात तिसरं काम आलंय, व्हिडिओचं. उमराण्याच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव, डाळिंबाच्या बागेतली छाटणी, हळदीचा नाच, अहिराणी गाणं, सगळं कुणीतरी शूट करून यूट्यूबवर टाकत असतं. क्विंटलला दीड हजार भाव धरला, तर पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे तेहतीस-चौतीस क्विंटल कांदा, चांगल्या दोन पिकअप भरून. एवढा माल ज्या वस्तूवर घालायचा, ती ‘आय फाइव्ह आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नावर घेतली जाते, हे बघून जीव तुटतो.

गेम खेळणं आणि बाहेरचा व्हिडिओ आत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. गेमचा भार ग्राफिक्सवर पडतो. कॅप्चरचा भार पडतो तो पोर्टवर आणि एन्कोडरवर, म्हणजे आलेलं चित्र दाबून छोट्या फाइलीत बसवणाऱ्या भागावर. इंटेलने हा भाग ‘क्विक सिंक’ या नावाने २०११ सालीच प्रोसेसरच्या पोटात घातला. एएमडी आणि एनव्हिडियाकडेही आपापला एन्कोडर आहे. म्हणून कीर्तन लाइव्ह करायला महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं, हा काउंटरवर ऐकू येणारा सल्ला चुकीचा आहे. ओबीएस स्टुडिओ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंगमध्ये एन्कोडर हार्डवेअरवर टाकला, तर साधा आय थ्रीसुद्धा तीन तासांचं कीर्तन बिनबोभाट रेकॉर्ड करतो.

अडतं ते पोर्टवर. हजाराच्या आत मिळणाऱ्या कॅप्चर कार्डाच्या खोक्यावर ठळक ‘४के’ छापलेलं असतं. ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल असतं, लॅपटॉपपर्यंत पोचणाऱ्या चित्राबद्दल नव्हे. हिशेब कागदावर मांडता येतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे एका फ्रेमला वीस लाखांहून जास्त ठिपके. ठिपक्याला १६ बिट, सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सेकंदाला साधारण ९९५ मेगाबिट होतात. यूएसबी २ च्या वायरीची कागदावरची कमाल आहे ४८०. म्हणून ही स्वस्त कार्डं प्रत्येक फ्रेम दाबून, फोटोसारखी जेपीईजी करून पाठवतात. डाळिंबाचा लाल थोडा विटतो, हलत्या हाताच्या कडा फाटतात. यूएसबी ३ ची कमाल ५००० मेगाबिट. कार्डही यूएसबी ३ चं आणि लॅपटॉपचं पोर्टही, तेव्हाच ६० फ्रेमचं स्वच्छ चित्र येतं. लॅपटॉपला यूएसबी ३ ची निदान दोन पोर्टं हवीत, कारण एकात कार्ड बसलं की दुसऱ्यात बाहेरची एसएसडी लागते. सेकंदाला २० मेगाबिटने रेकॉर्डिंग केलं तर तासाला ९ जीबी जातात. हळद, लग्न आणि वरात मिळून दहा तास झाले की ९० जीबी. २५६ जीबीच्या लॅपटॉपात विंडोज आणि दोन गेम बसल्यावर उरतं किती, हे आधीच बघितलेलं बरं.

देवळ्याहून चाळीसेक किलोमीटरवरच्या मालेगावात याहून कितीतरी तुटपुंज्या सामानावर सिनेमे झाले. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला तो साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, आणि जोडणी केली दोन व्हीसीआर एकमेकांना लावून. एकावर चालू, दुसऱ्यावर रेकॉर्ड, हवा तिथे थांबवायचं. चूक झाली की मागे जाऊन पुन्हा. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या वेळी हिरव्या कापडापुढे हिरो आडवा धरून त्याला कॉम्प्युटरवर आकाशात उडवलं. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ही सगळी खटपट दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरला लागला, तो याच माणसांवर. त्या काळातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातल्या कित्येक घरांत आजही फडताळात पडून आहेत. त्या पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं काम अजून बरीच वर्षं पुरेल, आणि त्याला तर लॅपटॉपची ताकद जवळपास लागतच नाही. ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही ते पेलतो. फक्त मिनी डीव्हीच्या छोट्या कॅसेटींना फायरवायर नावाचं पोर्ट लागतं, ते नव्या लॅपटॉपात मिळत नाही.

आता गेम. इथे मात्र नावांनी फार फसवणूक होते.

रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. काउंटरवर दोन्ही ‘रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सिरीज’ म्हणून शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि नावात दहाचाच फरक. प्रत्यक्षात पहिल्यात चार कोअर आणि ग्राफिक्सचे दोन युनिट, दुसऱ्यात सहा कोअर आणि सात युनिट. खूण तिसऱ्या आकड्यात आहे, तो प्रोसेसरची आतली रचना सांगतो: ७५‘२’० म्हणजे जुनी झेन २, ७५‘३’० म्हणजे तिच्यानंतरची झेन ३. पहिला ऑनलाइन क्लासला ठीक, दुसऱ्यावर पोरगं खरंच खेळू शकतं. इंटेलची गंमत आणखी वेगळी. आय ५ १२३५यू च्या लॅपटॉपवर आयरिस एक्सईचं ग्राफिक्स मिळतं म्हणतात, पण रॅमची एकच पट्टी असेल तर विंडोज त्यालाच ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून ओळखतं. दुसरी पट्टी घातली की आयरिस एक्सई हे नाव दिसायला लागतं आणि गेमच्या फ्रेमही वाढतात. कारण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच भागवतं. एका पट्टीतून येणारा डेटा त्याला पुरत नाही. पन्नास हजारांच्या आतल्या खरेदीत याहून मोलाची गोष्ट दुसरी नाही. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात.

एवढ्यावर काय चालतं? व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा त्याने किमान गरज सांगितली होती ती २०१२ च्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सची. तो आरामात चालतो. २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५ कमी सेटिंगवर खेळता येतो. मोबाइलवरचा बीजीएमआय खेळताना रेकॉर्ड करायचा असेल तर कॅप्चर कार्डही नको. स्क्रसीपीवाय (scrcpy) हे फुकट सॉफ्टवेअर साध्या डेटा केबलने अँड्रॉइड फोनचा पडदा लॅपटॉपवर आणतं आणि ओबीएस तो उचलतं.

वेगळं ग्राफिक्स कार्ड कधी घ्यावं? लग्नाचं मिक्सिंग हाच धंदा असेल आणि दाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर ४के फुटेज रोज हाताळायचं असेल तेव्हा. रिझॉल्व्हची सगळी भिस्त ग्राफिक्सवर असते, तिथे ४ जीबीचं आरटीएक्स २०५० सुद्धा कामाला येतं. पण असा लॅपटॉप मांडवात न्यायचा असेल तर विजेचा विचार आधी करावा. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर बहुतेक वेळा दीडशे वॉट किंवा त्याहून मोठा असतो, आणि लाइट गेली की बॅटरीवर त्याचं ग्राफिक्स स्वतःहून हात आखडतं. साधा लॅपटॉप ४५ किंवा ६५ वॉटवर चालतो. गावातल्या छोट्या इन्व्हर्टरवर तो तासन्‌तास निघतो. वैशाखात पत्र्याच्या मांडवाखाली उष्णता वेगळीच असते. प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की आपला वेग आपणच उतरवतो, आणि लॅपटॉप गादीवर ठेवला असेल तर ती वेळ लवकर येते. खुर्चीवर ठेवतानाही खाली दोन विटा सरकवून हवा खेळती ठेवलेली चांगली.

जुना लॅपटॉप घेणारेही पुष्कळ आहेत. कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड मजबूत असतात, त्यांचं झाकण उघडून रॅमही वाढवता येते. मात्र विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर भाव कितीही पाडला तरी तो लॅपटॉप घेऊ नये.

दुकानात गेल्यावर डेमोच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जावं. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे ‘१ ऑफ २’ असेल तर दुसरी पट्टी तिथेच बसवून मागावी. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर रॅम बोर्डालाच चिकटवलेली आहे, ती पुढे वाढणार नाही. ८ जीबीचा असा लॅपटॉप घेऊ नये. कॅमेरा आणि कॅप्चर कार्ड सोबत न्यावं, पेनड्राइव्हवर ओबीएस ठेवावं. दुकानदाराला सांगून दहा मिनिटं तिथेच रेकॉर्डिंग लावावं, बाहेरच्या रस्त्यावरची ट्रॅक्टरची रांग का असेना. ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ खिडकीत ‘स्किप्ड फ्रेम्स’चा आकडा दहा मिनिटांनंतरही शून्यावर असला, की जीएसटीचं पक्कं बिल करायला सांगायचं.