पाट्या तीन, तिजोरी एक

शिकागो शहरात मॅककॉर्मिक प्लेस या विस्तीर्ण अधिवेशन केंद्रालगत २०१८ साली हिल्टन कंपनीच्या नावाची एक इमारत उभी राहिली. इमारत एक, खोल्या ४६६, पण हॉटेले तीन! १८७ खोल्यांवर ‘हिल्टन गार्डन इन’ची पाटी, १६८ खोल्यांवर ‘हॅम्प्टन इन’ची आणि उरलेल्या १११ खोल्यांवर ‘होम टू स्वीट्स’ची. अमेरिकेतील वाढत्या शहरांच्या मध्यभागी आता अशा दुहेरी-तिहेरी नावांच्या हॉटेलांचे पेव फुटले आहे.

यामागील हिशेब सरळ आहे. मध्यवस्तीतील जमीन महाग. तिच्यावर तीन इमारती बांधण्यापेक्षा एकच बांधावी, पाया, उद्वाहने, धुलाईखाना, वाहनतळ आणि बहुतेक नोकरवर्गही सामाईक ठेवावा, आणि गिऱ्हाईक मात्र तीन प्रकारचे गाठावे. एका रात्रीचा प्रवासी एकीकडे, महिनाभर मुक्काम करणारा दुसरीकडे. मौज अशी की, ज्या कंपनीचे नाव दर्शनी भागी झळकते, तिच्या मालकीची ती इमारत बहुधा नसतेच. मॅरियट कंपनीने १९९३ सालीच आपले दोन भाग करून इमारतींची मालकी एकीकडे आणि नाव व व्यवस्थापन दुसरीकडे अशी वाटणी केली. नाव देणाऱ्याने शुल्क घ्यावे, कर्जाची जोखीम बांधणाऱ्याने वाहावी, असा हा रिवाज. धंद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो शहराचा.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७४ साली ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा प्रसिद्ध संगीत कार्यक्रम रायमन सभागृह सोडून शहराबाहेर गेला आणि मध्यवस्तीला अवकळा आली. १९९४ मध्ये रायमन पुन्हा उघडले. पुढे २०१३ साली सुमारे ६० कोटी डॉलर खर्चून ‘म्युझिक सिटी सेंटर’ हे अधिवेशन केंद्र बांधले गेले. त्याच्या आसपास हॉटेलांची रांगच लागली. एसी हॉटेल, रेसिडेन्स इन आणि स्प्रिंगहिल स्वीट्स ही मॅरियटची तीन नावे एकाच छपराखाली नांदतात ती याच परिसरात.

या केंद्रासाठी काढलेले कर्ज फेडायचे ते मुख्यतः हॉटेलांतील मुक्कामावरील करातून आणि पर्यटकांकडून मिळणाऱ्या इतर करांतून. २०२३ साली नव्या फुटबॉल स्टेडियमसाठी नगर परिषदेने ७६ कोटी डॉलरच्या रोख्यांना संमती दिली. त्यांच्या परतफेडीसाठीही याच करात एक टक्क्याची भर घालण्यात आली. बाहेरचा पाहुणा कर भरतो, गावकऱ्याला तोशीस नाही, हा समर्थकांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु ज्या नगर परिषदेचे कर्जाचे हप्ते हॉटेलांच्या खोल्या भरण्यावर अवलंबून आहेत, ती नव्या हॉटेलाचा आराखडा समोर आला असता निःपक्षपणे निर्णय करू शकेल काय? परवाना देणाराच लाभाचा वाटेकरी झाला, तर नाही म्हणणार कोण?

पाट्या तीन असल्या तरी संकट एकच असते. २०२० च्या मार्चमध्ये नॅशव्हिलवर आधी टोर्नेडो कोसळला आणि पाठोपाठ कोरोनाची साथ आली. स्वस्त, मध्यम, दीर्घ मुक्कामाच्या अशा सगळ्याच खोल्या एकदम ओस पडल्या. त्याच वर्षी नगर परिषदेने घरपट्टीत ३४ टक्के वाढ केली. तुटीची कारणे अनेक होती आणि काही जुनी होती, हे खरे. पण भार अखेर गावकऱ्यावरच आला.

खोल्या झाडणारे हात कुठे राहतात, हा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. टेनेसीला स्वतःचा किमान वेतन कायदा नाही. २००९ पासून संघराज्याचा तासाला सव्वासात डॉलरचा दरच तेथे लागू आहे, आणि नगर परिषदेला खाजगी धंद्यांसाठी तो वाढवण्याची मुभा नाही. नव्या इमारतींत काही घरे स्वस्त ठेवण्याची सक्ती करण्याचा मार्गही राज्याने २०१८ साली कायदा करून बंद केला. मग पहाटेच्या पाळीच्या कामगाराने मध्यवस्तीतील भाडे भरावे कसे? प्रत्यक्षात मजुरी या किमान दराहून बरीच अधिक मिळते हे मान्य केले, तरी घरभाड्याशी तिचा मेळ बसत नाही.

आपल्याकडेही ही रीत येऊन पोहोचली आहे. दिल्लीच्या एरोसिटीत पुलमन आणि नॉव्होटेल, बंगळूरच्या आउटर रिंग रोडवर नॉव्होटेल आणि आयबिस अशा जोड्या एकाच आवारात उभ्या आहेत. फरक एवढाच की, येथे खोलीच्या भाड्यावरील जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात. पाणी पुरवायचे, सांडपाणी वाहून न्यायचे आणि रस्त्यावरची कोंडी सोसायची ती महापालिकेने. तिच्या पदरात प्रामुख्याने पडते ती मालमत्ता कराची रक्कम.