ठिपक्यांना जागा द्या

आलेख म्हणजे चित्रकला नव्हे. हे एकदा कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं, कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. (घरचे म्हणतील, हिला ठणकावायला विषयच लागतो. असो.)

सहावीतल्या भाचीची गणिताची वही परवा चाळली. स्तंभालेख इतके देखणे की चौकट करून भिंतीवर लावावेत. सगळे स्तंभ सारख्या रुंदीचे, मधली अंतरं सारखी, वर ठसठशीत शीर्षक, कोपऱ्यात प्रमाण, आणि आत रंगपेटीतले सगळे रंग. मी विचारलं, "यावरून तुला काय कळलं गं?" ती म्हणाली, "मावशी, आलेख 'काढा' असा प्रश्न होता." तिचं बरोबरच आहे. प्रमाण लिहिलं नाही तर अर्धा मार्क जातो. आलेख काय सांगतोय ते कळलं नाही, तर काहीच जात नाही.

बालभारतीच्या २०१५ ते २०१८ या काळात आलेल्या पुस्तकांचा क्रम पाहा. पाचवीला चित्रालेख, सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख. स्तंभाला भाऊ मिळतो, मग स्तंभाच्या वाटण्या होतात. या सगळ्या वंशावळीत ठिपक्यांच्या आलेखाला मात्र स्वतःचं घर नाही. आणि माझ्या मते प्राथमिक शाळेत सगळ्यात आधी तोच यायला हवा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एक संख्यारेषा आखायची. जी नोंद मिळाली त्या आकड्याच्या डोक्यावर एक ठिपका द्यायचा. तीच संख्या परत आली, तर आधीच्या ठिपक्यावर दुसरा. झालं! इंग्रजीत याला लाइन प्लॉट म्हणतात, आणि त्या 'लाइन'मुळे काही जण याला रेषालेख समजून ठिपके जोडत सुटतात. जोडायचे नाहीत. रेषा खाली आहे ती आकड्यांची, वर नुसते ठिपके. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरांतल्या मुलांना हे शिकवायला ना आलेख-कागद लागतो ना रंगपेटी. फरशीवर खडूने रेघ आणि मूठभर चिंचोके पुरतात.

स्तंभावर माझा राग एवढ्याचसाठी, की स्तंभालेखात मुलाच्या हाती बहुतेक वेळा आधीच बेरीज होऊन आलेला आकडा पडतो. या शाळेत इतकी मुलं, त्या गावात इतकी झाडं. ठिपका मात्र एकेका नोंदीचा असतो. "हा माझा" असं बोट ठेवून दाखवता येतो.

आता आपल्या संभाजीनगरचाच विषय घेऊ. (पूर्वीचं औरंगाबाद म्हटलं की पुण्याच्या काकूंना लगेच कळतं.) गेली कित्येक वर्षं इथे पाहुण्याला "पाणी येतं का?" असं कुणी विचारत नाही, "किती दिवसांनी येतं?" असं विचारतात. पाणी जायकवाडीहून, पैठणच्या नाथसागरातून येतं. धरण काठोकाठ भरलं तरी वाटेत जलवाहिनी फुटली की वेळापत्रक कोलमडतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी नळाच्या तारखांवर गोल केलेली घरंही आहेत. म्हणजे नोंद भिंतीवर आयती टांगलेली असते.

समजा, एका गल्लीत दोन पाण्यांमधल्या दिवसांच्या दहा नोंदी अशा आल्या : ५, ४, ५, ६, ५, १२, ८, ५, ६, ४. बेरीज ६०, सरासरी ६. शेजारच्या गल्लीत दहाही वेळा बरोबर सहाव्या दिवशी पाणी आलं. तिथलीही सरासरी ६. स्तंभ काढा बघू! एकाच उंचीचे दोन देखणे स्तंभ, आणि दोन्ही गल्ल्यांचे हाल सारखेच, असा निष्कर्ष. गणित चोख आणि निष्कर्ष साफ खोटा.

याच नोंदी ठिपक्यांत मांडल्या तर एका गल्लीत सहावर दहा ठिपक्यांचा मनोरा उभा राहतो. दुसरीत चारवर दोन, पाचवर चार, सहावर दोन, सातवर काही नाही, आठवर एक, मग मोकळं रान आणि बारावर एकटाच ठिपका. आता प्रश्न विचारायला सुरुवात करा. सगळ्यात जास्त वेळा किती दिवसांनी आलं? पाच. सहापेक्षा जास्त दिवस थांबावं लागलं, असं किती वेळा झालं? दोनदा. टाकी केवढी घ्यायची? इथे चौथीतलं पोरसुद्धा बारावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवेल. सहा दिवसांचं पाणी मावेल अशी टाकी घेतली, तर त्या खेपेला उरलेले सहा दिवस टँकरवाल्याची आणि शेजाऱ्यांची मनधरणी. सरासरी पाहून टाकी घेणारा माणूस आमच्या शहरात एकदाच घेतो.

अमेरिकेत २०१० मध्ये जाहीर झालेल्या 'कॉमन कोअर'मध्ये हा आलेख दुसरीपासून आहे. आधी पूर्ण एककांत मोजलेल्या लांबी, तिसरीत अर्धे-पाव, पुढे एक-अष्टमांशापर्यंत. तिकडची भाचवंडं तो गृहपाठात काढतात. तिकडे आहे म्हणून आपल्याकडे हवा, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण त्यांच्या पाचवीतला एक प्रश्न मला फार आवडतो. सारख्या चंचुपात्रांत कमीजास्त द्रव आहे, ठिपक्यांवरून सांगा : सगळा द्रव सारखा वाटला तर प्रत्येक पात्रात किती येईल? म्हणजे सरासरी आधी वाटणी म्हणून समजते, सूत्र नंतर येतं. आपल्याकडे सातवीत 'बेरीज भागिले संख्या' येतं आणि जन्मभर तेवढंच राहतं. वाटणी झाली *तर* किती, यातला 'तर' गळून जातो.

हा 'तर' किती महागात पडतो, यावर आपल्याकडे मोठ्यांची जुंपलेली आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ च्या दारिद्र्यावरच्या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी ही रेषा धरली. पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं, माणसामाणसाची गरज वेगळी असते, मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशीच, असं कसं धरता? दांडेकर आणि सुखात्मे, दोघांचाही जन्म सातारा जिल्ह्यातला. कोण बरोबर ते मी ठरवणारी कोण! पण भांडण होतं ते सरासरीच्या भोवती माणसं कशी पसरली आहेत याबद्दल, आणि तो पसारा डोळ्यांना दाखवायला ठिपक्यांइतकं साधं दुसरं काही नाही.

"हजार नोंदी असल्या तर ठिपके देत बसायचं का?" नाही, तेव्हा स्तंभच बरा. "ठिपक्यांत तारखा हरवतात." हेही खरं. बारावरचा ठिपका मे महिन्यातला की ऑगस्टमधला, हे आलेख सांगत नाही, त्यासाठी कालनिर्णयच काढावं लागतं. पण "परीक्षेत येत नाही" हा आक्षेप मला मान्य नाही. नव्या धोरणाची पुस्तकं टप्प्याटप्प्याने येत आहेत, पहिलीचं २०२५ मध्ये आलं. अजून वरच्या इयत्तांच्या पुस्तकांत दोन पानं घालता येतील.

आणि पुस्तक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. एका सोमवारी मुलांना घरच्या कॅलेंडरवरून शेवटचे पाच खाडे मोजून आणायला सांगावं आणि वर्गात खडूची रेघ ओढावी. कुणी बारावर चिंचोका ठेवला, तर बाईंनी "चुकलं" म्हणण्याआधी एवढंच विचारावं, "तेव्हा काय झालं होतं रे?" वर्गातली निम्मी पोरं एकदम बोलायला लागतील.