पथकराचा दुसरा नाका

ग्राहकाकडून जोडणीचे पैसे घ्यायचे आणि त्याच जोडणीवरून चित्रपट-मालिका पाठवणाऱ्या कंपन्यांकडूनही मोबदला मागायचा, ही आपल्याकडील दूरसंचार कंपन्यांची मागणी गेली काही वर्षे नेटाने रेटली जात आहे. ‘वाजवी वाटा’ हे तिचे गोंडस नाव. ही वाट कोठे जाते, हे दक्षिण कोरियाने अनुभवले आहे.

तेथे ज्याच्याकडून डेटा येतो त्या इंटरनेट पुरवठादाराने पैसे मोजावेत, असा नियम २०१६ मध्ये आला. भार ओघानेच आशय पुरवणाऱ्यांवर पडला. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड यांचा वाद २०२० मध्ये न्यायालयात गेला. जून २०२१ मधील निकाल नेटफ्लिक्सच्या विरोधात लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये उभयतांनी तडजोड केली. बलाढ्य कंपनीला ती परवडते. व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या ट्विचने मात्र २०२२ मध्ये कोरियन प्रेक्षकांसाठी चित्राचा दर्जा १०८० वरून ७२० पर्यंत उतरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील गाशाच गुंडाळला. इतर बहुतेक देशांच्या दहापट शुल्क द्यावे लागते, असे कंपनीचे म्हणणे होते. निघून जाणाऱ्याचे गाऱ्हाणे जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. पण धूसर चित्र पाहावे लागले ते प्रेक्षकाला, ज्याने जोडणीचे पूर्ण पैसे भरले होते.

भारतात असे होणार नाही, अशी समजूत आहे. ‘ट्राय’ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी आशयानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली, फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ त्यातच बुडाली. एखादी सेवा अडवणे किंवा मुद्दाम संथ करणे २०१८ मध्ये निषिद्ध ठरले. परंतु संथ करण्यासाठी काही ‘करावे’च लागते असे नाही. दोन जाळी जेथे जुळतात तेथील क्षमता वाढवलीच नाही, तरी चित्र अडखळते. अमेरिकेत कॉमकास्टच्या ग्राहकांना हा अनुभव आला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीचे पैसे मोजण्याचे मान्य केले. तेथील समान वागणुकीचे नियमही जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द केले.

आपल्याकडे गुंता आणखी आहे. जिओची जोडणी ज्या रिलायन्स समूहाची, त्याच्याच नियंत्रणाखाली २०२५ पासून जिओहॉटस्टारही आहे. रस्ता ज्याचा, दुकानही त्याचेच. शेजारच्या दुकानदाराकडून वाटा घेण्याची मुभा त्याला द्यायची काय, हे ठरवताना नियामकाला आधी या मालकीकडे पाहावे लागेल.