अंथरूण कोणी मोजले?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याकडचे रुळलेले शहाणपण. अंथरुणाची लांबी ठरलेली आहे आणि ती आपणांस ठाऊक आहे, हे त्यात गृहीतच धरलेले असते. जुन्या मदरबोर्डावर नवा प्रोसेसर बसवून त्याला कंपनीने छापलेल्या वेगाहून अधिक वेगाने पळवणारी मंडळी नेमके हेच गृहीतक नाकारतात. या उद्योगास ‘ओव्हरक्लॉकिंग’ असे नाव आहे. कोणी त्याला पोरखेळ म्हणतात, तर कोणी कंपन्यांच्या दादागिरीविरुद्धचे बंड. आमच्या मते ही दोन्ही वर्णने अपुरी आहेत. मर्यादा म्हणजे काय, आणि ती आखतो कोण, हा येथे खरा प्रश्न आहे.

प्रोसेसरवर छापलेला वेग हा लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला जोडलेल्या प्रस्तावनेसारखा असतो. तो खोटा नसतो, पण अखेरचा शब्दही नसतो. एकाच घडणीच्या चिपा तपासून त्यांची प्रतवारी लावली जाते, आणि स्वस्त मालाला मागणी अधिक असली की सरस चिपही कमी वेगाचा शिक्का घेऊन बाजारात येते. जाणता वाचक प्रस्तावना बाजूला ठेवून संहितेकडे वळतो, तसाच हा छांदिष्ट शिक्का बाजूला ठेवून चिपेकडे वळतो. इथवर आम्ही त्याच्या बाजूचे आहोत.

या छंदाची सर्वांत गाजलेली कथा १९९८ सालची. इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर मदरबोर्डाकडून मिळणाऱ्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचारने गुणून ३०० मेगाहर्ट्झने चाले. हा गुणक बदलता येत नसे, पण ठोका बदलता येई. त्याच वर्षी आलेल्या ‘४४०बीएक्स’ चिपसेटच्या बोर्डावर ठोका १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर पळे, आणि कित्येक पटींनी महाग असलेल्या पेंटियम-२ च्या पंक्तीस जाऊन बसे. ही कथा सांगताना श्रेय नेहमी प्रोसेसरला दिले जाते. वास्तविक त्यातले निम्मे श्रेय बोर्डाचे आहे. बीएक्स हा १०० च्या ठोक्यासाठीच घडवलेला होता. त्या ठोक्याला तीनने भागून तो पीसीआय मार्गाला त्याचा नेहमीचा ३३ मेगाहर्ट्झचा वेगच देई. ताण पडे तो एकट्या प्रोसेसरवर, आणि तो ताण सोसण्याजोगा होता.

आता हाच प्रोसेसर एक वर्ष जुन्या, १९९७ च्या ‘४४०एलएक्स’ बोर्डावर बसवून पाहावा. एलएक्स अधिकृतपणे ६६ चाच, पण काही बोर्डांवर ८३ चा ठोका निवडण्याची सोय असे. साडेचार गुणिले ८३ म्हणजे सुमारे ३७४, अर्थात ४५० हून पुष्कळच कमी. परंतु येथे भाजक दोनचा असल्याने पीसीआय मार्ग ४१ च्या पुढे जाई, आणि हार्ड डिस्कचा नियंत्रक त्याच मार्गावर बसलेला असे. परिणामी बीएक्सवरचा ४५० चा आकडा निर्धोक आणि एलएक्सवरचा ३७४ चा आकडा धोक्याचा, असा उलटा न्याय होई. क्षमता एकट्या घटकाची नसून जोडणीची असते, हे याहून नेमके सांगणारे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वाचकाला यात नवे काही वाटू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ‘गाळप क्षमता’ हा शब्द येथील घराघरांत पोहोचला आहे. कारखान्याची गाळप क्षमता वाढवायची म्हणून गव्हाणीत अधिक ऊस लोटून आणि नवे रोलर बसवून भागत नाही. निघालेला रस तापवणारी, निथळवणारी, आटवणारी यंत्रे आणि त्यांना वाफ पुरवणारा बॉयलर जुनाच राहिला, तर रस तुंबतो, तुंबलेल्या रसातली साखर मोडू लागते आणि उतारा घसरतो. जुन्या बोर्डावरचा नवा प्रोसेसर म्हणजे जुन्या बॉयलरवर बसवलेले नवे रोलरच.

बोर्डाचा बॉयलर म्हणजे प्रोसेसरला हवे तेवढे व्होल्टेज करून देणारी मंडले आणि त्यांच्या शेजारी उभे असलेले कपॅसिटर. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वीस टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज दहा टक्के वाढवले, तर विजेचा खर्च सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी चढतो. हा सारा प्रवाह त्या जुन्या मंडलांतून जातो, आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण पडद्यावर आकडा दिसतो तो प्रोसेसरचा. त्यातच नगरचा उन्हाळा. हीटसिंक उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो, त्या हवेहून थंड तो होऊ शकत नाही. जानेवारीत निर्धोक ठरलेली जुळवणी, पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात तशीच निर्धोक राहील असे मानणे हा भाबडेपणा आहे.

मग कंपनीचा शब्द प्रमाण मानून स्वस्थ बसावे काय? तसेही नाही. २०१७ साली इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. सॉकेटावरचे संपर्कबिंदू पूर्वीइतकेच, ११५१. तरीही आदल्या पिढीचे बोर्ड बाद ठरवले गेले. वीजपुरवठ्याच्या बिंदूंची मांडणी बदलल्याचे कारण कंपनीने दिले. छांदिष्टांनी बायोस दुरुस्त करून, काही बिंदू झाकून, तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले. उलट एएमडीने २०१७ च्या ‘बी३५०’सारख्या बोर्डांना २०२२ मध्ये रायझन ५००० मालिकेसाठी मान्यता दिली. जी भिंत निसर्गाची म्हणून दाखवली जाते, ती पुष्कळदा दुकानदाराची असते, एवढे यावरून कळते. मात्र मान्यता म्हणजे अभय नव्हे. बी३५० आला तेव्हा त्यावर बसणारा सर्वांत मोठा प्रोसेसर आठ कोरचा होता, आणि २०२० मध्ये आलेला रायझन ५९५०एक्स सोळा कोरचा आहे. स्वस्तातल्या बोर्डावर तो बसवून वर त्याच्या विजेच्या मर्यादाही उठवणे, हे आम्हांस धाडस वाटत नाही, हिशेबातली चूक वाटते.

हा हिशेब आज महत्त्वाचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी धडधाकट यंत्रे भंगारच्या वाटेला लागली. पहिल्या पिढीचा रायझन त्या अटींत बसत नाही. पण त्याच बी३५० बोर्डावर बायोस अद्ययावत करून ५००० मालिकेतला मध्यम प्रोसेसर बसवला, तर बसतो. संगमनेर-श्रीरामपूरकडच्या डीटीपीवाल्याला, पतसंस्थेच्या कारकुनाला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यातून काही वर्षे मिळतात. ती मिळतात प्रोसेसर बदलण्यातून. वर दहा टक्के वेग ओरबाडल्याने त्यात फारशी भर पडत नाही, धोका मात्र वाढतो.

आणि हा धोका बोलका नसतो. यंत्र बंद पडले तर बरेच म्हणायचे, निदान कळते तरी. ताणलेले यंत्र कधी कधी चालू राहते आणि एखादा अंक चुकीचा लिहिते. ती फाइल कोणाच्या प्रबंधाची असेल, तर कोणाच्या ठेवीची. म्हणून आमचे मत असे: स्वतःच्या यंत्रावर, प्रती काढून ठेवून, तासन्‌तास चाचण्या घेऊन ज्याला वेग वाढवायचा त्याने खुशाल वाढवावा. यंत्र कसे चालते हे शिकण्याचा इतका चांगला मार्ग दुसरा नाही. पण दुसऱ्याचा हिशेब ज्या यंत्रात राहतो, तेथे नवा प्रोसेसर बसवावा आणि त्याच्या छापील वेगावर, जमल्यास किंचित कमी व्होल्टेजवर चालवावा. अंथरूण स्वतः मोजून पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मोजायचे तर ते चारही बाजूंनी मोजावे, आणि त्याच अंथरुणात आणखी कोण निजले आहे, तेही पाहावे.